दवंडी पिटली, ऐकली कोणी?

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २००६ रोजी पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाविषयी जी अधिसूचना काढली, तिच्या एका परिशिष्टातील तरतूद वाचताना हे कोणते शतक चालले आहे असा प्रश्न क्षणभर पडावा. खाण, धरण अथवा मोठा कारखाना यांच्यासाठी जनसुनावणी घ्यावयाची असेल तर तिची सूचना किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात छापावी, आणि जेथे वर्तमानपत्र पोचत नाही तेथे ढोल बडवून, म्हणजेच दवंडी पिटून, तसेच आकाशवाणी व दूरदर्शनवरून ती लोकांना कळवावी, अशी ती तरतूद आहे. उपग्रह सोडणाऱ्या देशाच्या राजपत्रात दवंडीला जागा मिळावी, याचे शहरी वाचकाला हसू येईल. वस्तुतः त्या संपूर्ण अधिसूचनेत वस्तुस्थितीला इतके जवळ गेलेले वाक्य दुसरे क्वचितच असेल. वर्तमानपत्रात छापले म्हणजे लोकांना कळले, ही समजूत खोटी आहे, अशी कबुली सरकारने स्वतःच तेथे देऊन ठेवली आहे.

ही कबुली ज्या भूभागाला सर्वाधिक लागू पडते तो म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनजिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरांचा. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे पावणेअकरा लाखांहून किंचित कमी माणसे राहत होती. चौरस किलोमीटरला ७४, जेव्हा महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. दीड हजारांच्या आसपास गावे आणि साडेचारशेहून अधिक ग्रामपंचायती, म्हणजे एकेका ग्रामपंचायतीखाली तीन-तीन, चार-चार गावे, आणि त्यांच्यामध्ये जंगल, नाले, डोंगर. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला कागद त्यांतील एका गावात असतो. उरलेल्या गावांसाठी तो असून नसल्यासारखा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते, आणि मग कागदच काय, कागद आणणारा माणूसही तेथे पोचत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभारावर लिहिताना निवडणुका, निधी, भ्रष्टाचार यांची चर्चा विपुल होते. सूचना कशी दिली जाते, कोणत्या भाषेत दिली जाते, कोठे चिकटवली जाते, या गोष्टी किरकोळ म्हणून सोडून देण्यात येतात. पुण्यामुंबईच्या मोहल्ल्यात त्या किरकोळ असतीलही. पाणी उद्या येणार नाही हे कळले नाही तर एक दिवस हाल होतात, परवा नळ पुन्हा वाहू लागतो. जंगलातल्या गावाचे तसे नाही. तेथे एका सूचनेच्या न ऐकण्याने पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क कायमचा बुडतो, आणि तो कायद्याने बुडतो.

हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. १९२७ चा भारतीय वन अधिनियम उघडून पाहावा. एखादे जंगल राखीव करण्याचा सरकारचा मनोदय जाहीर झाला की वनव्यवस्थापन अधिकाऱ्याने सभोवतालच्या प्रत्येक गावात, स्थानिक भाषेत, उद्घोषणा करावयाची; ज्यांचा त्या जमिनीवर काही हक्क असेल त्यांनी तो सांगण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत द्यावयाची; असे कलम ६ सांगते. पुढे कलम ९ येते. ज्या हक्काविषयी या मुदतीत दावा आला नाही आणि विलंबाचे पुरेसे कारणही अंतिम अधिसूचनेपूर्वी दाखविता आले नाही, तो हक्क नष्ट झाला. साधी गोष्ट आहे: उद्घोषणा झाली, कोणी बोलले नाही, म्हणून कोणाचे काही नव्हतेच. इंग्रजांच्या कायदेपंडितांनी मौनाचा असा अर्थ लावला, आणि स्वतंत्र भारताने तो तसाच सांभाळून ठेवला.

चांदा जिल्ह्यातल्या जमीनदारीच्या जंगलांची कथा या कलमांच्या उजेडात वाचावी लागते. १९५१ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेशात मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली. जमीनदार गेले हे उत्तमच झाले. त्याबद्दल कोणा समाजवाद्याला खंत असण्याचे कारण नाही. परंतु जमीनदाराबरोबर त्याचे जंगलही सरकारजमा झाले, आणि त्याचा मोठा भाग यथावकाश संरक्षित आणि राखीव वनांत गेला. घर शाकारण्यासाठी बांबू, नांगरासाठी लाकूड, चुलीसाठी सरपण, खाण्यासाठी मोहफूल आणि कंद, हा जो लोकांचा निस्तार होता त्याची नोंद कोठे झाली, कोठे अर्धवट झाली, कोठे झालीच नाही. मधल्या काळात राजधानी नागपूरहून मुंबईला गेली; १९५६ मध्ये राज्य बदलले, १९६० मध्ये पुन्हा बदलले. दरबार बदलत राहिले, दवंडीची भाषा बदलत राहिली, गोंड-माडिया ज्या भाषेत आपापसांत बोलत होते ती मात्र यांपैकी एकाही दरबाराची झाली नाही. जंगलातील रहिवाशांचे हक्क नीट नोंदले गेले नाहीत आणि त्यातून ऐतिहासिक अन्याय घडला, हे संसदेने अखेर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत शब्दशः मान्य केले. त्या अन्यायाचे एक हत्यार न ऐकू आलेली दवंडी हे होते, एवढे मात्र त्या उद्देशिकेत लिहावयाचे राहिले.

इंग्रजांच्या कायद्यात निदान प्रत्येक गावी, स्थानिक भाषेत, एवढे शब्द तरी होते. स्वातंत्र्याला दहा वर्षे झाल्यावर, १९५७ साली, संसदेने कोळसाधारक क्षेत्रांच्या संपादनाचा जो कायदा केला त्यात तेही उरले नाहीत. जमिनीखाली कोळसा शोधण्याचा मनोदय राजपत्रात प्रसिद्ध करावयाचा, ती जमीन घेण्याचा मनोदयही राजपत्रात प्रसिद्ध करावयाचा, आणि त्या प्रसिद्धीपासून तीस दिवसांत हरकत आली तर ऐकावयाची. राजपत्रातील प्रसिद्धी कायद्याने पुरेशी धरली. बल्लारपूर, राजुरा, भद्रावती, माजरी या पट्ट्यातला कोणता शेतकरी भारताचे राजपत्र वाचतो? ज्याच्या शेताखाली कोळसा आहे त्याच्या दारात येऊन कोणी सांगावे अशी सक्ती ज्या कायद्यात नाही, त्या कायद्याने लोकशाही राष्ट्राचा अर्धा ऊर्जापुरवठा उभा राहिला. २०१३ चा भूसंपादनाचा नवा कायदा ग्रामपंचायतीत, स्थानिक भाषेत सूचना लावण्याचा आग्रह धरतो, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि ग्रामसभेशी विचारविनिमय मागतो; पण त्याच्याच चौथ्या अनुसूचीत कोळशाचा कायदा वेगळा काढून ठेवला आहे. नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी नंतर त्याला लागू केल्या गेल्या, ऐकून घेण्याच्या केल्या गेल्या नाहीत. पैसे देऊ, पण विचारणार नाही, असा हा न्याय. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी क्रमवारी लावली तिच्यात चंद्रपूर चौथे आले. राजपत्रातल्या त्या छापील ओळींचा शेवट लोकांच्या फुफ्फुसांत कसा होतो, ते चंद्रपूरकरांना निराळे सांगावयास नको.

येथे दवंडीविषयीच एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण जुन्या गावगाड्याची आठवण निघाली की काहींचे डोळे उगाच पाणावतात. दवंडी देणारा माणूस हा गावाचा सन्मान्य वार्ताहर नव्हता. बहुतेक गावांत ते काम वेठीचे होते आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माथी मारलेले होते; ज्या चावडीचा हुकूम तो ओरडून सांगे त्या चावडीची पायरी त्याला बंद असे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच वेठीच्या विरोधात. पुढे वतने गेली आणि कोतवाल हा तुटपुंज्या मानधनावरचा गावकामगार झाला. तेव्हा ढोल परत आणा, एवढीच मागणी असेल तर ती अर्धवट होईल. वरून खाली हुकूम पोचविणे हेच त्या ढोलाचे काम होते, आणि खालून वर आवाज नेण्याची त्याच्यात सोय नव्हती.

आता भाषेकडे वळू. राममनोहर लोहियांनी लोकभाषेचा आग्रह धरला तेव्हा त्यांची चेष्टा करणारे पुष्कळ होते. ज्याला हुकूम कळत नाही तो नागरिक नसून रयत आहे, हा त्या आग्रहाचा गाभा होता. महाराष्ट्रात राज्यकारभार मराठीतून चालतो म्हणून ते कार्य सिद्धीस गेले असे मुंबईत बसून वाटू शकते. गडचिरोलीत पाऊल टाकताच त्या समजुतीला तडा जातो. एटापल्ली-भामरागडकडे माडिया, धानोरा-कुरखेडा-कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या मुलचेरा-चामोर्शीकडील वस्त्यांत बंगाली, शिवाय चंद्रपुरात जिवती-कोरपना-राजुऱ्याकडे कोलामी. जिवती तालुक्याच्या सीमेवर तर चौदा गावे अशी आहेत की ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात, दोघांच्या शाळा तेथे भरतात, दोघांच्या योजना जाहीर होतात. दोन सरकारांच्या सूचना ऐकणाऱ्या त्या गावांना जमिनीच्या पट्ट्यासाठी मात्र एकही सरकार धड ऐकू येत नाही. या साऱ्या लोकांना जी नोटीस मिळते ती मराठीत असते, आणि तीही कोणत्या मराठीत! उपरोक्त, सदरहू, अन्वये, तद्नंतर. जी मराठी शिक्षकालाही दोनदा वाचावी लागते ती माडिया बाईने एकदा ऐकून समजून घ्यावी, अशी अपेक्षा आहे.

२०२० मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण मूल्यमापनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला तेव्हा तो इंग्रजी आणि हिंदीत होता. त्यावर जून २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. २०११ च्या जनगणनेत जवळपास तीस लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली आहे. डोगरी, मणिपुरी आणि बोडो या अनुसूचित भाषांपैकी प्रत्येकीच्या भाषकांहून ही संख्या अधिक आहे. म्हणजे देशातील एका उच्च न्यायालयाने अत्यंत उदार मनाने दिलेला आदेशही, तो तंतोतंत पाळला गेला असता तरी, ज्यांच्या जंगलात खाणी निघावयाच्या त्यांच्या भाषेपर्यंत पोचला नसता.

सरकारला गोंडी येत नाही, हे एक वेळ समजून घेता येईल. पण धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये आपल्या मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा काय झाले? शिक्षण खात्याची नोटीस आली: शाळा अनधिकृत आहे. गावाला आपल्या भाषेत शिकावयाचे असेल तर परवानगी हवी, आणि सरकारला गावाशी परक्या भाषेत बोलावयाचे असेल तर मात्र कोणाचीच परवानगी नको.

भाषेइतकाच प्रश्न जागेचा आहे. २००६ च्या त्याच अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट घ्यावयाची असते. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखाणीचे उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासाठीची सुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली ती गडचिरोली या जिल्ह्याच्या ठिकाणी, शंभराहून अधिक किलोमीटर दूर, कडक पोलीस बंदोबस्तात. सुरजागडचा डोंगर माडियांचा केवळ खनिजाचा साठा नव्हे. ठाकूरदेवाचे ते स्थान आहे आणि तेथे दरवर्षी यात्रा भरते. त्या डोंगराविषयी बोलण्यासाठी माणसाने एक दिवसाची मजुरी बुडवून, भाडे खर्चून, जिल्ह्याच्या सभागृहाच्या दारात झडती देऊन आत जावयाचे आणि मराठीत बोलावयाचे. इतके करून जे आले नाहीत त्यांची अनुपस्थिती संमती म्हणून जमा होते. कलम ९ चे ते जुने गणित नव्या वेषात पुन्हा उभे राहते.

प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते: सुरक्षा. ते निव्वळ बहाणा म्हणून झटकता येणार नाही. या जिल्ह्यात चार दशके रक्त सांडले आहे. पोलीस मेले, कर्मचारी मेले, आणि खबऱ्या ठरवून गावचे पाटील, सरपंच, साधे शेतकरी मारले गेले. माओवाद्यांची पत्रके झाडांवर लागत आणि जनअदालती भरत, त्याही एकतर्फी दवंड्याच होत्या; तेथे हरकत घेण्याची मुदत तीस दिवसांची सोडा, तीस क्षणांचीही नव्हती. दोन बंदुकांच्या मध्ये उभ्या असलेल्या गावाला दोन्हीकडचे कागद वाचावे लागले. पण ज्या प्रदेशात खाणीचे ट्रक पोलीस संरक्षणात रोज ये-जा करू शकतात, त्या प्रदेशात एक दिवसाची सुनावणी संरक्षणात घेता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दुर्गम भागात आज सरकारी योजना, दाखले, प्रमाणपत्रे यांची माहिती पोलीस ठाण्यांमधील ‘दादालोरा खिडकी’तून दिली जाते. त्यामुळे अनेकांची कामे झाली हे खरे, आणि ती करणाऱ्या पोलिसांचे श्रेय नाकारू नये. तरीही जातीच्या दाखल्यासाठी नागरिकाला बंदूकधारी चौकीच्या खिडकीशी उभे राहावे लागते, याचा अर्थ तलाठी, ग्रामसेवक आणि पंचायत समिती यांची खिडकी बंद आहे असाच होतो.

सुरजागडशेजारी नियमगिरीचे उदाहरण ठेवावे. ओडिशातील त्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही हे ग्रामसभांना विचारा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी दिला. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये बारा गावांत, त्या त्या गावीच, न्यायाधीशांच्या उपस्थितीत ग्रामसभा झाल्या. डोंगरिया कोंध बायकांनी आपल्या भाषेत आपले म्हणणे मांडले. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. तेथेही माओवादी होते, तेथेही पोलीस होते, पाऊस तर ऐन भरात होता. न्यायालयाने सांगितल्यावर सरकार डोंगर चढून गेले. पुढे २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीपूर्वी ग्रामसभेची संमती घेण्याचे बंधन सैल केले, यावरून नियमगिरीचा धडा दिल्लीने नेमका काय घेतला ते दिसते.

सगळ्याच सूचना खाणींच्या नसतात. वाघ आला आहे, जंगलात जाऊ नका. धरणाची दारे उघडली आहेत, नदीकाठी थांबू नका. अशा सूचनांवर प्राण अवलंबून असतात. गोसेखुर्दचा विसर्ग वाढला की वैनगंगेकाठी आणि तेलंगणातील मेडीगड्डा बंधाऱ्यामुळे सिरोंचा तालुक्यात दर पावसाळ्यात असे इशारे निघतात. ताडोबाच्या सीमेवरील काही गावांत आता कॅमेरे आणि भोंगे बसविले आहेत. यंत्रांचे स्वागतच असावे. पण मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. जंगलात वाघ आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकेल काय? वाघ आहे हे त्या मुलुखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तेंदूचा हंगाम मोजक्या आठवड्यांचा आणि त्या मजुरीवर पावसाळ्याची बेगमी. जाऊ नका असे सांगणाऱ्याने त्या दिवसाची मजुरी कोण देणार तेही सांगावयास हवे. ते न सांगता दिलेला इशारा माणसाला वाचविण्यापेक्षा खात्याला वाचवितो: आम्ही सांगितले होते, ती गेली.

या अंधारात जेथे उजेड पडला आहे तो सरकारने पाडलेला नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा हे लेखाजवळचे छोटेसे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. त्या घोषणेमागचे काम मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. देवाजी तोफा आणि गावकरी, आणि बाहेरून साथ देणारे मोहन हिराबाई हिरालाल यांनी तेथे अभ्यासगटांची रीत पाडली. सरकारी कागद आला की तो आधी वाचावयाचा, ज्याला कळतो त्याच्याकडून समजून घ्यावयाचा, गोंडीत बोलावयाचा, आणि निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घ्यावयाचा. एकाचीही शंका उरली तर थांबावयाचे. या रीतीने निर्णय मंद होतात, पण निर्णय झाल्यावर, मला कळलेच नव्हते, असे म्हणणारा कोणी राहत नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मान्य झालेल्या देशातील पहिल्या गावांत शेजारच्या मर्द्याबरोबर मेंढा होते. सुमारे १,८१० हेक्टर जंगल त्याच्या ताब्यात आले. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते सोडीना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली गेली. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरांचा हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडण्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात हे पाहून तो व्यवहारच बंद केला आणि बांबूवर लक्ष दिले. आज गडचिरोलीत तेराशेहून अधिक सामूहिक हक्क मान्य झालेले आहेत.

यातून एक गोष्ट अशी घडली की जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गेल्या दशकात गडचिरोलीतील ग्रामसभा स्वतःच्या नावाने वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देऊ लागल्या: अमुक गावांच्या ग्रामसभांच्या क्षेत्रातील तेंदूपानांचा लिलाव अमुक दिवशी अमुक ठिकाणी होईल, इच्छुकांनी हजर राहावे. शंभर वर्षे ज्यांनी दुसऱ्याची दवंडी ऐकली किंवा ऐकली नाही, त्यांनी आता कंत्राटदारांना बोलावणे धाडले. ती दोन इंचांची जाहिरात म्हणजे सत्तेच्या हस्तांतराचा दस्तऐवज आहे. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी महासंघ करून भावाची बोलणी एकत्र केली, आणि बायकांनी त्या बैठकांत आपली जागा मागून घेतली.

या चित्राला रंग चढविण्याचे कारण नाही. कंत्राटदारांनी पैसे बुडविल्याच्या तक्रारी दरवर्षी होतात. काही गावांत ग्रामसभा म्हणजे चार माणसे आणि एक नोंदवही, एवढेच तिचे स्वरूप असते. ठराव आधी लिहिला जातो, सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात, अंगठे तर त्याहून सहज मिळतात. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी असा नियम आहे. अनेक ठिकाणी ती वहीतच भरते. वनहक्काच्या नियमांप्रमाणे किमान निम्मे सभासद आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका असल्यावाचून दाव्यांवर निर्णय होऊ शकत नाही, हे ज्या सचिवाला ठाऊक आहे तो गणपूर्तीची जुळवाजुळव कशी करावी हेही जाणतो. अलीकडे सूचना भ्रमणध्वनीवरच्या गटात टाकली की काम झाले असे मानण्याची प्रथा पडली आहे. ज्या गावाला जाळे मिळण्यासाठी टेकडी चढावी लागते तेथे ही सूचना कोणाला मिळते? ज्याच्याजवळ चांगला फोन आहे त्याला, म्हणजे बहुधा पुरुषाला, तरुणाला आणि बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्याला. जुन्या दवंडीने निदान बाई आणि गडी यांच्यात भेद केला नव्हता. ढोल सर्वांच्याच कानावर पडे.

पक्षाच्या आणि जनसंघटनांच्या कार्यकर्त्यांनी हा विषय मोर्चाइतकाच महत्त्वाचा मानावयास हवा. मोर्चा दिसतो, छायाचित्र येते, नाव होते. नोटीस वाचण्याच्या कामात यांपैकी काहीच नाही. तहसील कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर काय लागले आहे हे आठवड्यातून एकदा पाहणे, त्याची तारीख टिपून घेणे, तो कागद गोंडीत, माडियात, तेलुगूत किंवा बंगालीत पाड्यावर जाऊन सांगणे, मुदतीच्या आत हरकत लिहून तिची पोच घेणे, हे रुक्ष काम आहे. खाणीचा प्रश्न पेटल्यावर धावून जाणारे कार्यकर्ते पुष्कळ आहेत. पहिल्या तीस दिवसांत तेथे असणारे थोडे. आणि पहिल्या तीस दिवसांनंतर जी लढाई होते ती बहुतेक वेळा न्यायालयात, वकिलाच्या फीवर आणि तारखांवर होते.

मागण्याही स्पष्ट कराव्या लागतील. कोळशाच्या १९५७ च्या कायद्यात ग्रामसभेला प्रत्यक्ष सूचना देण्याचे आणि तिचे म्हणणे ऐकण्याचे बंधन घालावे. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेत तिच्या भाषेत मोठ्याने वाचून न दाखविलेली सूचना दिलीच नाही असे मानावे, आणि मुदत त्या वाचनाच्या दिवसापासून मोजावी. वाचन झाले हे ग्रामसेवकाने नव्हे, ग्रामसभेने लिहून द्यावे. जनसुनावणी प्रकल्पाच्या गावी व्हावी, दुभाष्यासह व्हावी, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी नेली तर रद्द समजावी. यांत खर्चाची सबब पुढे येईल. खाणीच्या रॉयल्टीतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होणारा निधी प्रकल्पबाधितांसाठीच आहे. दुभाष्याचे मानधन आणि लोकांच्या एका दिवसाची मजुरी तेथून देण्यास काय हरकत आहे?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या तारखा ठरलेल्या आहेत आणि सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. येत्या सभेआधीच्या त्या सात दिवसांत आपल्या तालुक्यातील किती पाड्यांवर ती खरोखर कानी पडली, कोणत्या भाषेत पडली आणि विषयपत्रिकेवर काय होते, याची पाहणी प्रत्येक तालुका समितीला करता येण्यासारखी आहे. त्यासाठी एक वही, एक सायकल आणि पाड्यावरची भाषा बोलणारा एक कार्यकर्ता लागतो. जेथे सूचना पोचलीच नव्हती असे आढळेल तेथील ठरावाविरुद्ध गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार त्याच आठवड्यात दाखल व्हावी, आणि तिची एक प्रत त्या पाड्यावर, त्या पाड्याच्या भाषेत, वाचून दाखविली जावी.